नाव रुळण्याआधीच निवृत्त

फ्लाइटलाइन नावाचा अमेरिकी घोडा आयुष्यात सहा शर्यती धावला आणि सहाही जिंकला. सप्टेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेल मार मैदानावर त्यानं पॅसिफिक क्लासिक जिंकली, तेव्हा त्याच्यात आणि दुसऱ्या क्रमांकाच्या घोड्यात एकोणीस घोडे एकामागं एक उभे राहतील एवढं अंतर होतं. ५ नोव्हेंबरला त्यानं केंटकीत ब्रीडर्स कप क्लासिक मारली आणि दुसऱ्याच दिवशी मालकांनी जाहीर केलं की घोडा आता धावणार नाही. तेव्हा तो चार वर्षांचा होता. त्याच्या सहाही शर्यतींचा वेळ एकत्र केला तर दहा मिनिटंसुद्धा भरत नाहीत. ७ तारखेला त्याच्या मालकीतला अडीच टक्के हिस्सा लिलावात निघाला आणि ४६ लाख डॉलरला गेला. सगळ्या कारकिर्दीत त्यानं मिळवलेलं बक्षीस ४५ लाखांच्या आसपास होतं. म्हणजे अख्ख्या घोड्यानं धावून जेवढं कमावलं, त्याहून जास्त पैसे त्याच्या चाळिसाव्या हिश्शाला मिळाले. आणि तेही तो यापुढं धावणार नाही, पैदाशीला लागणार, म्हणून.

घोड्यांच्या शर्यतीचं सगळं दुखणं या एका व्यवहारात सापडतं. जगभरचे आयोजक कित्येक वर्षं एकच रड रडताहेत: मैदानं ओस पडली, तरुण मंडळी फिरकत नाहीत. उपाय म्हणून ते फॅशन शो ठेवतात, गाण्याचे कार्यक्रम करतात, खाण्यापिण्याचे स्टॉल लावतात. मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर डर्बीच्या दिवशी टोप्या मिरवणाऱ्यांचे फोटो दुसऱ्या दिवशी पुरवणीत झळकतात आणि जिंकलेल्या घोड्याचं नाव मात्र शोधून काढावं लागतं. लोक येतात, फोटो काढतात, पुढच्या वर्षी पुन्हा फोटो काढायला येतात. त्यातला कुणी रेसचा शौकीन झाल्याचं ऐकिवात नाही. माझं म्हणणं साधं आहे. नायक ओळखीचा होतो न होतो तोच त्याला ज्या खेळात मैदानातून उचलून नेतात, त्या खेळाला प्रेक्षक टिकणार नाहीत. १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात ७७४ धावा काढून आलेल्या गावसकरांना कुणी ‘आता पुरे, घरी बस’ असं सांगितलं असतं, तर पुढची सोळा वर्षं आपण रेडिओला कान लावून काय ऐकलं असतं? घोड्याला नेमकं हेच सांगितलं जातं. त्यामागचं कारण निव्वळ पैशाचं आहे, तेव्हा उपायही पैशाच्याच वाटेनं करावा लागेल. मालकांच्या खिलाडूवृत्तीला आवाहन करून काही होणार नाही.

गणित बघा. फ्लाइटलाइनला पैदाशीच्या पहिल्या हंगामात एका घोडीमागं दोन लाख डॉलर फी ठरली. नामांकित नराकडं हंगामात दीडशेच्या आसपास घोड्या सहज येतात. म्हणजे पहिल्याच वर्षी तीन कोटी डॉलर, आणि पुढंही दर वर्षी फी येत राहणार. उलट ब्रीडर्स कप क्लासिक ही अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या शर्यतींपैकी एक. तिचं २०२२ मध्ये सगळं बक्षीस मिळून साठ लाख, त्यातला विजेत्याचा वाटा निम्म्याच्या थोडा वर, त्यातून जॉकी आणि ट्रेनरचं जाणार. शिवाय धावताना पाय मोडला तर सगळंच गेलं. पाय शाबूत राहिला आणि घोडा नुसता हरला, तरी सहापैकी सहा हा आकडा सातापैकी सहा होतो आणि फी उतरते. अशा मालकाला ‘आणखी एक वर्ष पळवा की’ म्हणायला आपलं काय जातं!

दोन्ही का करू नये, धावायचंही आणि पैदासही, असं कुणालाही वाटेल. इथं एक जुना नियम आडवा येतो. शर्यतीच्या, म्हणजे थरोब्रेड घोड्यांच्या वंशावळीच्या नोंदवहीत कृत्रिम रेतनातून झालेल्या शिंगराला जागा नाही. नर आणि घोडी प्रत्यक्ष एकत्र आणावीच लागतात. आपल्याकडच्या दूध उत्पादकाला रेतनाची कांडी ही रोजच्या व्यवहारातली गोष्ट आहे. वळू हजार मैलांवर असला तरी अडत नाही. उडीच्या स्पर्धांतले घोडेसुद्धा कांडीच्या जोरावर बाप होत राहतात आणि पंधराव्या वर्षापर्यंत स्पर्धा गाजवतात. थरोब्रेडला मात्र फेब्रुवारी ते जून हा विणीचा हंगाम स्टड फार्मवरच काढावा लागतो, आणि उत्तर गोलार्धातल्या शर्यतींचा रंग त्याच महिन्यांत चढायला लागतो. एक तर मैदान, नाही तर फार्म. ऑस्ट्रेलियात एका घोडेवाल्यानं या बंदीला न्यायालयात आव्हान दिलं होतं. २०१२ मध्ये तो हरला. बंदीच्या बाजूनं वंशशुद्धीपासून परंपरेपर्यंत बरंच बोललं जातं. माझ्या मते त्यात टंचाईचा भाव मोठा आहे. ज्या मालाची कांडी निघत नाही, त्या मालाचा दर टिकतो.

पूर्वीही हे असंच होतं असं नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेला वेड लावणारा सीबिस्किट ८९ शर्यती धावला. पहिल्या सतरा तर तो हरलाच होता. १ नोव्हेंबर १९३८ ला पिमलिकोच्या मैदानावर वॉर ॲडमिरलशी त्याचा समोरासमोर सामना झाला, तेव्हा लोकांना त्याच्या खोडी, त्याचं झोपणं, त्याचा जॉकी, त्याची दुखापत सगळं माहीत होतं. १९६० साली अमेरिकेतला एक घोडा वर्षाला सरासरी अकरा वेळा धावे. आता तो आकडा सहाच्या आसपास आलाय. वळण कुठं आलं याची एक ठळक खूण सांगता येते. फेब्रुवारी १९७३ मध्ये सेक्रेटेरियट या घोड्याचे ३२ हिस्से पाडून ते एकूण ६० लाख ८० हजार डॉलरला विकले गेले. तेव्हा तो तिहेरी मुकुटाच्या तीन शर्यतींपैकी एकही धावला नव्हता. करारात अट होती की तीन वर्षांच्या वयाचा हंगाम संपताच घोडा पैदाशीला लागेल. त्यानं जूनमध्ये त्यातलीच बेलमाँट ३१ घोड्यांच्या लांबीनं जिंकली. तशी धाव पुन्हा कुणाला दिसली नाही. पण ऑक्टोबर संपता संपता तो मैदानातून गेलासुद्धा. कराराची शाई त्याच्या पराक्रमाच्या आधीच वाळली होती. २०१८ चा तिहेरी मुकुटाचा मानकरी जस्टिफाय तर उण्यापुऱ्या चार महिन्यांत सहा शर्यती धावून दिसेनासा झाला. अमेरिकेतल्या एखाद्या शाळकरी पोरानं त्याचं चित्र भिंतीवर लावलं असेल, तर चिकटपट्टी सुकायच्या आत ते जुनं झालं.

मग जास्त काळ धावलं कोण? खच्ची केलेले घोडे. ज्याची पैदाशीची किंमत शून्य, त्याला धावण्यावाचून गत्यंतर नाही. केल्सो १९६० ते १९६४ सलग पाच वर्षं अमेरिकेतला ‘हॉर्स ऑफ द इयर’ ठरला, ६३ शर्यतींत ३९ जिंकला. जॉन हेन्री लहानपणी ११०० डॉलरला विकला गेलेला, अंगानं बेताचा, स्वभावानं तिरसट. ८३ शर्यती धावला आणि नवव्या वर्षी पुन्हा ‘हॉर्स ऑफ द इयर’ झाला. इंग्लंडात अडथळ्यांच्या शर्यतीतले बहुतेक घोडे खच्ची केलेलेच असतात. म्हणून तिथं रेड रमसारखा घोडा १९७३, १९७४ आणि १९७७ अशी तीनदा ग्रँड नॅशनल जिंकू शकला, मधल्या दोन वर्षी दुसरा आला, आणि मेल्यावर त्याच शर्यतीच्या एंट्री (Aintree) मैदानावर विजयरेषेपाशी पुरला गेला. डर्बी जिंकणाऱ्या किती उमद्या, खानदानी घोड्यांना हा मान मिळाला? क्रूर विनोद आहे, पण खरा आहे: वंश खुंटला त्यांचंच नाव राहिलं.

हाँगकाँग म्हणजे या विचाराचा जिवंत पुरावा. तिथं पैदास नावाचा धंदाच नाही. हजार-बाराशे घोडे, जवळपास सगळे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, युरोपातून आणलेले आणि जवळपास सगळे खच्ची केलेले. घोडा कितीही मोठा झाला तरी त्याला उचलून नेणारं कुणी नाही. गोल्डन सिक्स्टी ३१ शर्यती धावला, २६ जिंकला. २०२०, २०२१ आणि २०२३ अशी तीनदा त्यानं हाँगकाँग माइल मारली. त्याचा जॉकी व्हिन्सेंट हो हा हाँगकाँगचाच पोरगा. ती जोडी वर्षानुवर्षं लोकांच्या डोळ्यांसमोर राहिली. त्याच्या मागोमाग रोमँटिक वॉरियर आला. २०२२ ते २०२४ अशी सलग तीन वर्षं हाँगकाँग कप, मध्ये ऑस्ट्रेलियात जाऊन कॉक्स प्लेट, जपानमध्ये जाऊन यासुदा किनेन. बक्षिसाच्या कमाईत तो जगात पहिला झाला आणि त्यातला एक छदामही पैदाशीचा नव्हता. हाँगकाँगची गर्दी नुसत्या घोड्यांच्या प्रेमापोटी जमते असं मी म्हणणार नाही. तिथं बेटिंगची मक्तेदारी एकाच क्लबकडं आहे, पैसा तिथंच फिरतो, आणि क्लब तो बक्षिसांत ओततो. पण त्याच पैशातून लंगड्या, बदलत्या, नाव नसलेल्या घोड्यांची रेस चालवली असती, तर शाटिनच्या स्टँडमध्ये एका घोड्याच्या रंगाच्या टोप्या घालून लोक आले नसते.

घोड्यांपेक्षा घोड्या जास्त टिकतात, यामागंही हेच अर्थशास्त्र आहे. घोडीला वर्षाला एकच शिंगरू होतं. दीडशे नव्हे, एक. त्यामुळं तिला मैदानावर ठेवण्यात मालकाचं तेवढं बुडत नाही. ऑस्ट्रेलियाची विंक्स सात वर्षांची होईपर्यंत धावली. सलग ३३ शर्यती आणि चार कॉक्स प्लेट जिंकून एप्रिल २०१९ मध्ये सिडनीच्या रँडविकवर तिनं निरोप घेतला, तेव्हा चाळीस हजारांवर लोक आले होते. ती जिंकणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणजे पैसे लावून मिळण्यासारखं काही नव्हतंच. तरी लोक आले. जुगाऱ्याला पुढची रेस हवी असते, शौकिनाला घोडा हवा असतो. या दोघांतला फरक त्या दिवशी जेवढा स्वच्छ दिसला तेवढा क्वचित दिसतो.

जपानी लोकांनी तर हा प्रकार टोकाला नेला. कोची नावाच्या छोट्याशा मैदानावर हारु उरारा ही घोडी ११३ शर्यती धावली आणि एकही जिंकली नाही. तिच्या नावाची हरलेली तिकिटं लोक ताईत म्हणून गाडीत ठेवू लागले. २००४ मध्ये देशातला सर्वांत नावाजलेला जॉकी युताका ताके तिच्यावर बसला. मैदान ओसंडून वाहिलं, आणि घोडी नेहमीप्रमाणं मागं राहिली. ओगुरी कॅपची गोष्ट याच्या उलट. तो कासामात्सूच्या ग्रामीण मैदानावरून वर आलेला, घराणं मामुली. पाचव्या वर्षी तो ओळीनं हरायला लागला, संपला असं सगळे म्हणू लागले. डिसेंबर १९९० मध्ये तो शेवटचा धावला, नाकायामाच्या आरिमा किनेनमध्ये, आणि जिंकला. मैदानावर १,७७,७७९ माणसं होती. आरिमा किनेनमध्ये कोणते घोडे धावणार हे १९५६ पासून प्रेक्षकांच्या मतांवर ठरतं, हा तपशील लक्षात ठेवण्यासारखा आहे. ज्या प्रेक्षकाला मत आहे, तो घोड्याचं नाव पाठ करतो. मत द्यायला घोडा पुढच्या वर्षी असावा लागतो, हेही ओघानं आलं.

आपल्याकडं हे कळायला जपानला जायची गरज नाही. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं महाराष्ट्राचा बैलगाडा शर्यतीचा कायदा उचलून धरला. त्यानंतर घाटांवर जमणारी गर्दी पाहिली की महालक्ष्मीच्या कुठल्याही अधिकाऱ्यानं डायरी काढून टिपणं घ्यावीत. बकासुरसारख्या बैलाचं नाव कॉलेजातल्या पोरांच्या तोंडी असतं. त्याच्या रील फिरतात, तो यात्रेला आला की त्याच्यासोबत फोटो काढायला रांग लागते. बैल दोन हंगाम पळून गायब होत नाही, तो वर्षानुवर्षं दिसतो, पडतो, पुन्हा उठतो, त्याचं वय झालं की लोक हळहळतात. (बैलगाडा शर्यतीतल्या छळाचे प्रश्न मला ठाऊक आहेत आणि ते मिटलेले नाहीत. इथं मुद्दा प्रेक्षकाचा आहे.)

याउलट पुण्याच्या रेसकोर्सवर पावसाळ्यात पॅडॉकपाशी उभं राहून बघावं. मोतद्दार घोड्याला लगामाला धरून गोल फिरवतोय, अंगावर नंबर, पाठीवर पावसाची वाफ. कठड्याशी एक गृहस्थ, काखेत छत्री, हातात रेसचं पुस्तक, कानामागं पेन्सिल. शेजारचा विचारतो, ‘काय लावलं?’ ‘दोनशे विन, सात नंबर.’ सात नंबरला नाव आहे. पुस्तकात छापलंय, त्याच्या आईबापाचंही छापलंय. गेल्या पाच धावा, वजन, जॉकी, सगळं आहे. त्या गृहस्थाला त्यातला प्रत्येक आकडा तोंडपाठ आहे. नाव मात्र तो उच्चारत नाही, कारण पुढच्या महिन्यात सात नंबर दुसराच कुणीतरी असेल.

पैसा टाकून हे बदलता येतं का? एकदा प्रयत्न झालाय. २०१७ मध्ये फ्लोरिडात गल्फस्ट्रीम पार्कवर पेगॅसस वर्ल्ड कप सुरू झाला: चार वर्षं आणि त्यावरच्या घोड्यांसाठी एक कोटी वीस लाख डॉलर. पुढच्या वर्षी बक्षीस एक कोटी साठ लाखांवर नेलं. कल्पना अशी की एवढं घबाड दिसल्यावर मालक घोडा राखून ठेवतील. पण शर्यत ठेवली जानेवारीच्या अखेरीस, आणि पैदाशीचा हंगाम सुरू होतो फेब्रुवारीत. २०१८ चा विजेता गन रनर घोषणेप्रमाणं शर्यत मारून थेट फार्मवर गेला. २०१९ चा विजेता सिटी ऑफ लाइटही तसाच. कोट्यवधी डॉलर मोजून फक्त तीन महिने विकत मिळाले. २०२० पर्यंत बक्षीस तीस लाखांवर आलं होतं. चूक रकमेत नव्हती, रचनेत होती. एकच घबाड ठेवलं की मालक ते घेऊन निघतो. तेच पैसे वर्षभराच्या मालिकेत गुणांवर वाटले असते, गुण फक्त पुढच्या मोसमात धावणाऱ्यालाच मिळाले असते आणि वर्षागणिक वाटा वाढत गेला असता, तर फेब्रुवारीत निघून जाणाऱ्याला काहीतरी सोडून जावं लागलं असतं.

बंदीचा रस्ताही बघून झाला. अमेरिकेच्या जॉकी क्लबनं २०२० मध्ये नियम केला की त्या वर्षापासून जन्मलेल्या नराकडं वर्षाला १४० हून जास्त घोड्या नेता येणार नाहीत. हेतू वंशातलं वैविध्य टिकवण्याचा होता, पण त्यानं फार्मचं आकर्षणही थोडं कमी झालं असतं. तीन बड्या स्टड फार्मनी दावा लावला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये क्लबनं नियम मागं घेतला. ज्यांची मालमत्ता त्यांना हात बांधायला लावणं कठीण असतं, हा धडा.

तेव्हा मला तिसरी वाट व्यवहार्य वाटते: शर्यतीच्या अटी. कोणत्या शर्यतीत कोण धावू शकेल हे लिहिण्याचा अधिकार आयोजकांचाच असतो. त्यावर कुणी दावा लावत नाही. ब्रिटनमध्ये २०२० पासून तिथल्याच पैदाशीच्या माद्यांना जिंकल्यावर जादा बोनस मिळतो आणि त्यामुळं मालक घोड्या विकत घेऊन पळवू लागावेत असा हेतू आहे. त्याच धर्तीवर अशी अट घालता येईल की अमुक मोठ्या शर्यतींत, किंवा त्यांच्या बोनससाठी, फक्त त्याच शिंगरांना जागा, ज्यांचा बाप पाचव्या वर्षी धावलेला आहे. मग काय होईल? लिलावात शिंगरू घेणारा गिऱ्हाईक विचारेल, याचा बाप किती वर्षं टिकला? चौथ्या वर्षी निवृत्त झालेल्या नराची फी आपोआप उतरेल. फार्मवाला स्वतःच सांगेल, आणखी एक वर्ष पळवा. जर्मनीत नराला पैदाशीचा परवाना मिळवायला मैदानावरची कामगिरी आणि शरीराची तपासणी दोन्हींतून जावं लागतं. औषधांच्या आधारानं धावलेलं तिथं धरत नाहीत. जर्मन घोडे टणक म्हणून ओळखले जातात, ते उगीच नाही. शिवाय पॅरिसच्या आर्क द त्रियोंफ आणि एप्समच्या डर्बीसारख्या शर्यतींत खच्ची घोड्यांना वर्षानुवर्षं मज्जाव राहिला. या शर्यती पैदाशीसाठी नर निवडायच्या परीक्षा आहेत, हे त्याचं समर्थन. परीक्षा असेल तर असो. तिकीट काढून आलेल्या माणसाला मात्र ती स्पर्धा म्हणून विकली जाते. अशा शर्यती खच्ची घोड्यांनाही खुल्या हव्यात.

गंभीर आक्षेप एकच आहे, आणि तो घोड्याच्या बाजूचा आहे. जास्त वर्षं धावणं म्हणजे जास्त वेळा धावणं, म्हणजे मरणाला जास्त संधी. पाचशे किलोचं जनावर, ताशी साठ किलोमीटरचा वेग, आणि त्या भाराखाली एका क्षणी एकच पाय. अमेरिकेत २००९ मध्ये दर हजार धावांमागं दोन घोडे दगावत. २०२३ मध्ये तो आकडा १.३२ वर आला. कमी झाला, पण शून्य नाही. याचं उत्तर असं की बक्षीस धावांच्या संख्येला नव्हे, शाबूत राहिलेल्या वर्षांना द्यावं. वर्षाला सात-आठ वेळा धावणारा, तपासणीत दर वेळी उत्तीर्ण होणारा घोडा फायद्याचा ठरला, तर ट्रेनर दुखऱ्या पायावर इंजेक्शन मारून त्याला उभा करणार नाही. आजची व्यवस्था त्याला सांगते की दोन वर्षांत जमेल तेवढं उपस, पुढं तो तुझा नाहीच. कोवळ्या वयात अजिबात पळवू नये असा यावर एक सोपा तोडगा सुचवला जातो. तो मला पटत नाही. हाड भार पेलून घट्ट होतं. बेताचा, वाढत जाणारा व्यायाम लहानपणी मिळालेला घोडा पुढं जास्त टिकतो. वाईट असते ती घाई, लहान वय नव्हे.

आणि टिकलेल्या घोड्याला शेवटी घर मिळणं सोपं जातं. आरिमा किनेनमध्ये सलग तीन वर्षं तिसरा आलेला नाइस नेचर म्हातारा झाल्यावर, उमा मुसुमे या व्हिडिओ गेममधून त्याची ओळख झालेल्या तरुण पोरांनी त्याच्या वाढदिवसाला देणग्यांचा पाऊस पाडला. त्यातून इतर निवृत्त घोड्यांची सोय झाली. २०२३ मध्ये तो गेला, पस्तीस वर्षांचा होऊन. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची जन्मकथाही निवृत्त घोड्यांपासूनच सुरू होते: पूनावालांच्या फार्मवरचे घोडे लशीसाठी रक्तद्रव काढायला हाफकिनला दिले जात, त्यातून १९६६ मध्ये कारखाना निघाला. घोड्याचा उपयोग झाला, देशाचं भलं झालं. पण त्यातल्या एकाही घोड्याचं नाव आपल्याला माहीत नाही.

आता आपलं मैदान. भारतात गंमत अशी की पाश्चात्त्यांचा मूळ आजार आपल्याला जवळपास नाही. इथल्या स्टड फार्मवरचे बहुतेक नर परदेशातून आणलेले असतात. डर्बी जिंकलेल्या देशी घोड्याला पैदाशीत फारशी मागणी नसते. म्हणजे त्याला उचलून नेणारं कुणी नाही, हाँगकाँगसारखंच. तरी तो टिकत नाही, कारण त्याच्यासाठी पुढं काही मांडलेलंच नाही. १९४३ पासून सगळी प्रतिष्ठा फेब्रुवारीच्या इंडियन डर्बीत एकवटली आहे आणि ती नुकत्याच चार वर्षांच्या झालेल्या घोड्यांची. त्यानंतर मोजक्या शर्यती सोडल्या, तर मोठ्या घोड्याच्या वाट्याला हँडिकॅप येतो: जिंकत गेलास तर पाठीवर वजन वाढत जाणार. साठ-साठ किलो घेऊन पन्नास किलोवाल्यांना धरायचं. मालक कंटाळतो. खालच्या वर्गात सहा-सात वर्षांचे घोडे धावत असतात, पण तिथं बघायला कोण आहे? वरच्या वर्गात ओळख, पण वय नाही. खाली वय आहे, ओळख नाही.

आपले रेस क्लबवाले ओस मैदानांचा सगळा दोष कराला देतात. त्यात तथ्य आहे. २०१७ मध्ये लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आला, सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. एवढा कर भरून क्लबच्या अधिकृत टोटवर खेळणाऱ्याला मूर्खच म्हणायचं, तो सरळ चोरट्या बुकीकडं जातो. पण हा कर लावताना रस्त्यावर एक माणूस उतरला नाही, हेही बघा. १८८३ पासूनचं महालक्ष्मीचं मैदान. भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला, आणि २०२४ मध्ये त्यातली १२० एकर जागा उद्यानासाठी महापालिकेकडं जायचं ठरलं. वाद झाला तो झाडांचा, बिल्डरांचा, मोकळ्या हवेचा. घोड्यांच्या बाजूनं मुंबईकर बोलल्याचं आठवत नाही. ज्या खेळाचा एकही घोडा शहराला नावानं माहीत नाही, त्याच्या बाजूनं बोलणार तरी काय?

पुण्यातून सुरुवात करावी असं मला वाटतं. पावसाळी हंगाम, बक्षिसं लहान, डर्बीच्या प्रतिष्ठेला धक्का नाही. पाच वर्षं आणि त्यावरच्या वरच्या वर्गातल्या घोड्यांसाठी जुलैपासून महिन्याला एक शर्यत, हँडिकॅप नव्हे, सारख्या वजनाची. गुण हिवाळ्यात मुंबईला पुढं चालू. त्यातली एक शर्यत प्रेक्षकांच्या मतानं भरायची. घोडा सहाव्या, सातव्या वर्षी परत आला तर बोनस वाढत जाईल. पैसे लहान घोड्यांच्या शर्यतींतून थोडे वळवावे लागतील, आणि इथंच खरी लढाई आहे, कारण त्या शर्यती म्हणजे ब्रीडरांची दुकानाची काच आहे. बरीच बक्षिसं त्यांच्याच नावानं चालतात. ते म्हणतील की शिंगरांना गिऱ्हाईक राहणार नाही. पण आज शिंगरू घेणारा मालक दोन हंगामांत पैसे बुडाल्यावर परत येत नाही. सहा वर्षं धावणारा घोडा हाती लागला तर त्याला दुसरा घ्यावासा वाटेल, असा माझा अंदाज आहे. मोसमाच्या शर्यती आणि त्यांच्या अटी क्लबच ठरवतो. त्यासाठी दिल्लीत जीएसटी परिषदेपुढं उभं राहावं लागत नाही.